पुरावा क्रमांक एक

लालबाग गावच्या शाळेत लायब्ररी सांभाळणाऱ्या प्राजक्ता मॅडमची नोकरी पक्की व्हायला अकरा दिवस उरले असताना देवरामभाऊ तक्रार घेऊन आले.

"लायब्ररीतून माझ्या पोरीला हे दिलं कोणी?" त्यांनी मुख्याध्यापक अनंत सरांच्या टेबलावर जाड चित्रकादंबरी ठेवली. एक म्हातारा नावाडी, त्याची आंधळी कुत्री आणि दोनशे पानं. "ऐन वेचणीत घरातली पाच माणसं रडत बसली. कापसाला हात नाही लावला कोणी! सगळ्यात जास्त माझी माय रडली. आणि तिला तर वाचताच नाही येत, सर!"

सरांनी प्राजक्ताला बोलावलं आणि पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, यात अक्षरं किती?"

"फार नाहीत, सर."

"मग मुलं वाचतात काय?"

"चेहरे."

हे उत्तर सरांनी उद्धटपणा या सदरात लिहून घेतलं.

पुस्तक जप्त झालं. कारकून योगेशने त्यावर 'पुरावा क्र. १' अशी चिठ्ठी डकवली आणि प्राजक्ताला कारणे दाखवा नोटीस दिली. दोष सिद्ध झाला की नोकरी संपणार होती. त्यासाठी सरांना आक्षेपार्ह पानांचे क्रमांक लिहायचे होते, म्हणून त्यांनी पुरावा घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत. त्यांच्या पत्नी शारदाकाकूंचा फोन आला. "योगेश, सरांना सर्दी झाली म्हणून लिही."

"जास्त आहे का?"

"सर्दी कसली रे! एकशे बारावं पान झालं त्यांचं."

"काय आहे त्या पानावर?"

"मी कशाला सांगू? तुझं वाचायचं राहिलंय ना!"

पुरावा परत आल्यावर पानं पूर्ण आहेत का, हे तपासायला योगेशला दोन दिवस लागले. तपासणीदरम्यान त्याने इतवाऱ्यात राहणाऱ्या थोरल्या भावाला फोन केला. त्या भावाशी तो चार वर्षं बोलत नव्हता. या फोनची नोंद फायलीत नाही.

दहाव्या दिवशी चौकशी समिती बसली.

"आक्षेपार्ह पान एकच, शेवटचं," अनंत सर म्हणाले. "नावाडी कुत्रीला घेऊन नावेत बसतो, नाव निघते आणि पुस्तक संपतं. ही काय पद्धत झाली?"

"तेच तर!" देवरामभाऊ उसळले. "माय रोज पूछते, पोचला का रे तो पलीकडे? काय सांगू मी तिला?"

"दुसऱ्या भागात कळेल," प्राजक्ता म्हणाली.

"मग सादर करा."

"तो अजून आला नाही, सर. चित्रकाराची महिन्याला तीनच पानं होतात."

योगेशने कागदावर भागाकार केला. "साडेपाच वर्षं, सर."

मग सरांनी आदेश लिहवला: पुरावा अपुरा असल्याने चौकशी दुसरा भाग येईपर्यंत स्थगित करण्यात येत आहे, तोवर शिक्षिकेला कामावरून काढता येणार नाही, व तिलाही शाळा सोडून जाता येणार नाही. तक्रारदार म्हणून देवरामभाऊंनी खाली सही केली.

दरम्यानच्या काळात मॅडमनी समितीला असंच एखादं पुस्तक सुचवावं, असंही ठरलं. हा आदेश मात्र लेखी द्यायला सरांनी साफ नकार दिला.