बुवांच्या फोटोला हार

बुवांना स्टेशनवर सोडण्याआधी चहाला घरी न्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. चहा हे निमित्त. मला त्यांची सही हवी होती.

मी शास्त्रीय गायक-वादकांचे सही केलेले फोटो जमवतो. (स्वतः गात नाही. एकदा गायलो, तेव्हा प्रतिभाने, म्हणजे बायकोने, मिक्सर लावला.) हॉलच्या भिंतीवर सगळे ओळीने फ्रेम करून लावलेत. रोज आंघोळ झाली की ते पुसतो आणि एकेकाचं नाव घेत कानाच्या पाळीला हात लावतो. गाण्यातली माणसं तसंच करतात. फक्त मुकुंदबुवा धामणकरांच्या फोटोखालची पांढरी पट्टी कोरी होती. बुवा कोणाला सही देत नाहीत, अशी ख्याती. त्यात वय ऐंशीच्या पुढे. पुन्हा नाशिकला येतील याची खात्री कोण देणार? मला अन्न गोड लागत नव्हतं.

सकाळच्या मैफलीनंतर गाडी मीच चालवत होतो. बुवा मागे बसले होते. घराचं दार उघडलं आणि वड्यांचा वास आला. आज सर्वपित्री अमावस्या, हे मी साफ विसरलो होतो. विंचूरहून सासूबाई, म्हणजे कुसाबाई, राहायला आल्यात हेही.

प्रत्येक फोटोला झेंडूचा हार. प्रत्येकाच्या कपाळाला गंध. (खाँसाहेबांच्याही, टोपीखाली जागा शोधून.) समोर पाट मांडून ओळीने पानं वाढलेली : खीर, कढी, वडे, गवारीची भाजी. आणि शेवटच्या हारामागून मुकुंदबुवा हसत होते.

"प्रतिभा, हे काय?"

"अहो, मला वाटलं तुम्हीच आईला सांगितलंत!"

कुसाबाई पदर सावरत पुढे आल्या. "जावईबापू, रोज सकाळी समद्यांपुढं कान धरता. म्हनलं, लय मोठी मानसं होऊन गेली तुमच्या घरात. आज कुनी उपाशी नको."

बुवा काठी टेकत भिंतीजवळ गेले. एकेका फोटोपुढे थांबले. "हा गेला. हाही गेला. याच्याबरोबर मी एका खोलीत राहिलो, तोही गेला." मग स्वतःसमोर बराच वेळ उभे राहिले. मला रडू येत होतं. बुवांसाठी की सहीसाठी, ते सांगता येणार नाही. (सहीसाठीच असावं.)

"यांच्या वतीने जेवायला कोण येतं?" बुवांनी विचारलं.

"कावळा. पन आज एक बी फिरकला नाय."

"मग माझं पान मीच घेतो," म्हणत बुवा आपल्या फोटोसमोरच्या पाटावर बसले.

कुसाबाईंनी फोटोकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. "आगं बया!" म्हणत त्यांनी हार ओढून काढला आणि बुवांना आणखी दोन वडे वाढले.

बुवा पोटभर जेवले. "गेलेल्या माणसाला इतक्या मायेनं वाढतात, हे जिवंतपणी कळलं ते बरं झालं," म्हणाले आणि चक्क पेन मागितलं! मी फ्रेममधून फोटो काढून दिला. बुवांनी सावकाश लिहिलं, 'कुसाबाईंना, तृप्त मुकुंद,' आणि फोटो त्यांच्याच हातात ठेवला.

मी पुष्कळ विनवण्या केल्या, प्रतिभाकडून वशिला लावला. सासूबाई बधल्या नाहीत. तो फोटो आता विंचूरला, दिवंगत सासऱ्यांच्या फोटोशेजारी आहे. गेल्या रविवारी खास बघायला गेलो आणि त्या सहीपुढे खिन्न होऊन उभा राहिलो. सासूबाईंना माझी खरोखर दया आली.

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू," त्या म्हणाल्या. "शेजारी एक खिळा मोकळा हाय. तुमचाबी फोटो देऊन ठेवा."