घागरे गुरुजींची चकती

आमच्या पांढुर्ण्यात घागरे गुरुजी समोर आले, की शहाणी माणसं आधी उजेडाकडे पाठ करून उभी राहत. राम राम नंतर. गुरुजी पिशवीतून पुठ्ठ्याची चकती काढत. तिच्यावर काळी-पांढरी वर्तुळं, मधोमध भोक. भोकाला डोळा लावून ते तुमच्या बुबुळावर पडलेली वर्तुळं न्याहाळत आणि निकाल देत, "गोल आहे! जा!" एकदा लग्नात त्यांनी नवरदेवालाच मांडवाबाहेर उभं केलं. मुहूर्त टळता टळता राहिला.

गुरुजी शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या आईच्या बुबुळांत पांढरे कण होते, पुढे त्यांच्याही आले. आनुवंशिक आहे, मुलांतही उतरू शकतं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथे त्यांचे डोळे तीन तऱ्हांनी तपासले आणि गुरुजी या विषयातले पंडित होऊन परतले. पानठेल्यावर व्याख्यान चाले, "चकती आकार सांगते, फटीतल्या उजेडाचा दिवा खोली सांगते, फोटो साक्ष देते. पण कण पकडाचे तं दिवाच पाहिजे!"

एवढी अक्कल असून पोटच्या पोरीला, विमलला, मात्र रोज सकाळी अंगणात चकतीच. "गोल आहे!" म्हणत आणि खुशीत शाळेला निघत. मी शेजारी. चिडून विचारायचो, "गुरुजी, तिला दिव्यापुढे केव्हा बसवता?"

"काहून घाई करून राहिले? संत्र्याचा हंगाम जाऊ द्या."

गुरुजींच्या मालकीचं संत्र्याचं एक झाड नव्हतं!

शेवटी विमलच्या डोळ्यांना ऊन सोसेना, तेव्हा मीच बापलेकीला नागपूरच्या गाडीत बसवलं आणि सोबत गेलो. तिला तपासायला घेतलं, तर गुरुजी बाहेरच्या बाकावरून हलेनात. "तुमीच पाहा," म्हणाले.

डॉक्टरांनी मला दिव्यातून पाहू दिलं. दोन्ही बुबुळांत भाकरीच्या चुऱ्यासारखे कण. नजर अजून चांगली आहे, दरवर्षी फोटो काढून ताडून पाहत राहू, असं डॉक्टर म्हणाले.

विमलला घेऊन बाहेर आलो.

"दिसले?"

"दिसले, गुरुजी."

"चकतीत कण दिसत नाही, हे मले मालूम होतं. पण सकाळी 'गोल' म्हटलं का माहा दिवस निघून जाये."

विमल त्यांच्याजवळ टेकली. "साऱ्या पांढुर्ण्याले सांगता, मी का बहिरी आहो? मलेबी मालूम होतं, बाबा. तुमचा दिवस निघावा म्हणून तं उभी राहत होती."