बुऱ्हाणपूरची बी.एस्सी.

अकोल्यात पाणी साधारण नव्याण्णव अंशांना उकळते. बुऱ्हाणपुरात किंचित जास्त. फरक उंचीचा आहे, राज्याचा नाही. मात्र तसे कुणी शिक्क्यानिशी लिहून दिलेले नाही, आणि उच्च शिक्षणात शिक्क्याशिवाय काहीच उकळत नाही.

बाळापूरची शाइस्ता बुऱ्हाणपुरात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्रात पहिली आली आणि एम.एस्सी.साठी अकोल्यातल्या एका महाविद्यालयात अर्ज घेऊन गेली. प्रवेशाच्या खिडकीत खुशालराव होते.

“पदवी दुसऱ्या राज्यातली हाय, बाई. इथल्या पदवीच्या बरोबरीची हाय, असा कागद लागते.”

“केमिस्ट्री तं तीच हाय ना, काका?”

“ते तू म्हणून राहिली. कागदानं म्हणलं पायजे.”

खुशालरावांचे बरोबर होते. शिक्षण हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तो केंद्राचाही आहे आणि राज्याचाही. (दोन जावांच्या घरात दूध याच तरतुदीनुसार उतू जाते.) दिल्लीने कळवले की पदवी मान्य आहे, समतुल्य आहे का ते राज्याने पाहावे. मुंबईने कळवले की समतुल्य असू शकेल, मान्य आहे का ते दिल्लीला विचारावे. दोन्ही पत्रे अत्यंत सभ्य होती. अखेर अमरावतीत तिघांची समतुल्यता समिती नेमली गेली. बडनेऱ्याला उतरून ऑटोने शाइस्ता तिथे दहा वेळा गेली. नऊ वेळा सदस्य दोनच होते. दहाव्यांदा तिघेही होते, पण फाइल मुंबईला होती.

यात दोन वर्षे गेली. ती वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. या काळात शाइस्ताने बाळापुरात बी.एस्सी.च्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि त्यांतल्या चौघांना त्याच महाविद्यालयात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. त्यांची पदवी इथलीच असल्याने त्यांना काय येते हे पाहण्याची गरज नव्हती.

तिथे पदवीनंतर तीन वर्षांचा खंड पडला की प्रवेशच मिळत नाही, म्हणून यंदाचा अर्ज शेवटचा होता. मुदत संपायच्या दिवशी दुपारी, शाइस्ताच्या अकराव्या फेरीत, समिती फाइलसह बसली. दोन्हीकडचे अभ्यासक्रम चौऱ्याण्णव टक्के जुळले. उरलेले सहा टक्के कुलगुरूंचा संदेश होता.

“पोरीची पदवी आपल्या पदवीच्या बरोबरीची निघाली,” अध्यक्ष शालिकरामजी म्हणाले. “पण आपली कशाच्या बरोबरीची हाय, हे कोणी पाह्यलं?”

फाइल चाळण्यात आली. कोणी पाहिले नव्हते.

“मंग सही कोण करन?” सदस्य रागिणीबाईंनी विचारले. “नियम हाय, पदवीधरानंच करा लागते. अन् तपासलेली पदवी इथं एकच हाय.”

शाइस्ताने पेन मागितले. स्वतःच्याच निकालावर सही चालते का, असा मुद्दा तिसऱ्या सदस्यांनी काढला. पण त्यांची पदवी तपासलेली नसल्याने तो विचारात घेता आला नाही.

सव्वाचारला रागिणीबाईंनी अकोल्याला फोन लावला आणि खुशालरावांना निर्णय मोठ्याने वाचून दाखवला:

“शाइस्ताला आजच प्रवेश द्यावा. इतर सर्व पदवीधरांनी, म्हणजे नोकरीत असलेले, निवृत्त झालेले, ही समिती, आणि हा निर्णय पुढेमागे कुठे छापून आल्यास तो वाचणारे, यांनी मूळ प्रमाणपत्रासह समक्ष हजर राहून पदवी तपासून घ्यावी. तोवर त्यांना बारावी पास समजण्यात येईल.”