पांढऱ्या रेघेचा धनी

सोमवारी सकाळी क्लॅरी ट्रेगेन्झाचा पाय क्लबाच्या हिरवळीत घोट्यापर्यंत रुतला. त्याने जोर लावून उपसला तेव्हा पाय वर आला आणि बूट आत राहिला.

वॅरिंगल गावचा सगळा मान या हिरवळीत होता. तिच्यावर जड चेंडू घरंगळवायचा खेळ आजोबांच्या काळापासून चालत आला होता, आणि येत्या शनिवारी टूलंगा गावाशी अंतिम सामना होता. हिरवळ ओली असली तर सामना टूलंगात हलवायचा, असा नियम. टूलंगाच्या हिरवळीला एका अंगाला उतार आहे आणि तिथल्या चहाला चव नाही, हे वॅरिंगलमध्ये शेंबडं पोरही सांगे. शिवाय ही हिरवळ क्लॅरीने पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. ऐन लग्नाच्या आठवड्यात पोरगी आजारी पडावी तसं त्याला झालं.

पाणी कुंपणाबाहेरच्या गवताच्या पट्ट्यातून येत होतं. मागच्या आठवड्यात इंटरनेटवाल्यांनी तिथे जमिनीखालून भोक पाडत केबल नेली होती. क्लॅरीने एक पाय अनवाणी ठेवूनच गावच्या कौन्सिलला फोन लावला. फोनवर लोरेल होती. क्लॅरीच्या बायकोने, नोलीनने, तिला लहानपणी पोहायला शिकवलं होतं.

"पाणी कुंपणाच्या आत आहे का बाहेर?" लोरेलने विचारलं.

"दोन्हीकडे."

"बाहेरचं आमचं. आतलं तुमचं."

"अगं, पाणी एकच आहे."

"असेल हो क्लॅरी. पण माझ्याकडे रकाने दोन आहेत."

दुपारी कौन्सिलचा माणूस आला आणि नारिंगी शंकू मांडून गेला. मंगळवारी पाणी वाढलं. तो पुन्हा आला आणि शंकू वाढवून गेला.

"यानं पाणी थांबतं होय रे?" क्लॅरीने विचारलं.

"नाही. पण पाणी कुठं आहे ते समजतं."

"ते मला बुटानं समजलंय."

पाणी गावाच्या वरच्या तळ्यातून सुटलेलं होतं, म्हणून क्लॅरीने पाणलोट मंडळाला फोन केला. तिथल्या ऑब्री नावाच्या सभ्य माणसाने त्याला शांतपणे समजावलं, "हे बघा, पाणी तळ्यात असेपर्यंत आमचं. पाइपात शिरलं की कौन्सिलचं. पाइपातून ओढ्यात पडलं की परत आमचं."

"आणि पाइपाला भोक पडून मधेच बाहेर आलं तर?"

ऑब्रीने कागद चाळले. "त्यावर अजून बैठक झालेली नाही," तो म्हणाला.

ती बैठक बुधवारी कुंपणापाशी भरली. लोरेल, ऑब्री आणि केबलवाल्यांचा मुकादम तेविता, तिघेही झगझगीत जाकिटं घालून आपापल्या हद्दीत उभे राहिले. नोलीनने मधे चहा आणि खोबऱ्याचे चौकोनी केक मांडले. खड्डा खणून पाहिला, तर सुईत दोरा ओवावा तशी केबल पावसाळी पाण्याच्या पाइपातून आरपार गेलेली.

"केबल काढा, मग पाइप सांधतो," लोरेल म्हणाली.

"पाणी थांबवा, मग केबल काढतो," तेविता म्हणाला.

"कौन्सिलनं लेखी मागितलं तर तळ्याचं दार बंद करतो," ऑब्री म्हणाला.

"मी मागितलं म्हणजे चूक आमची, असं होईल," लोरेल म्हणाली. "ते काही मी लिहून द्यायची नाही."

क्लॅरीने कपाळावर हात मारून घेतला. पाण्याने तेवढ्यात हिरवळीचा आणखी एक कोपरा गिळला.

"चूक आमचीही नाही," तेविता म्हणाला आणि त्याने मोबाइलवरचा फोटो दाखवला. गवतावर एक ताजी पांढरी रेघ होती. "पांढरी रेघ म्हणजे इथं खणा. हा सगळ्या देशाचा नियम. नकाशात जागा जरा पलीकडं होती, पण रेघ इथं होती. आणि काय रेघ होती. ताणलेल्या दोरीसारखी सरळ. मी पोरांना म्हटलं, जागा बदललेली दिसते."

"ही आमची नाही," लोरेल म्हणाली.

"मंडळ रेघा मारत नाही," ऑब्री म्हणाला.

मग रेघ कुणाची यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. केक संपले. क्लॅरी आधी हिरवळीकडे बघत होता, मग आभाळाकडे, मग त्या तिघांकडे.

"रेघ माझी आहे," तो म्हणाला.

तिघेही त्याच्याकडे वळले.

"क्लबात येणाऱ्यांच्या गाड्या लावायला मारली होती. चुकलं माझं."

त्यानंतर जे झालं ते वॅरिंगलने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या गळ्यात दोष पडल्यावर तिघांचेही हात एकदम मोकळे झाले. लोरेलने दोष क्लॅरीचा असं लिहिलं, तिघांनी चढाओढीने सह्या केल्या. ऑब्रीने तिथूनच फोन करून तळ्याचं दार बंद करवलं. तेविताने केबल ओढून घेतली. गुरुवारी दुपारपर्यंत पाइप सांधून झाला, वर वाळवंटाकडून उत्तरेचा गरम वारा सुटला आणि हिरवळ वाळली. क्लॅरीला शिक्षा एवढीच झाली, की त्याने पुन्हा रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही.

संध्याकाळी नोलीनने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि ती समोर बसली. "क्लॅरी, तू मारलेल्या रेघा बघून लोक गाड्या नागमोडी लावतात. तुला सरळ रेघ कधीपासून यायला लागली?"

"मीठ दे जरा," क्लॅरी म्हणाला.

शनिवारी सामना झाला. वॅरिंगल थोडक्यात हरलं, पण घरच्या हिरवळीवर हरलं. चहाला चव होती.

सोमवारी क्लॅरी गवत कापत असताना कौन्सिलचा एक तरुण गडी कुंपणाबाहेर वाकून काहीतरी शोधताना दिसला.

"काय हरवलं रे?"

"आमची पांढरी रेघ होती इथं. फूटपाथ करायचाय. मीच मारली होती, चांगली दोरी लावून. कुणी उकरली कोण जाणे."

क्लॅरीने यंत्र बंद केलं. "ती तुझी नव्हे. माझी होती."

"तुमची?"

"जाऊन लोरेलला विचार. तुझ्याच कौन्सिलची सही आहे तशा कागदावर."

गड्याने डोकं खाजवलं आणि रंगाचा डबा कुंपणावरून पुढे केला. "मग परत मारून द्या की."

"दिली असती बाबा," क्लॅरी म्हणाला, "पण मला बंदी आहे."