कांड्या भाजणारे नाना

आमच्या भट्टीवरचे नाना जळण दाताखाली फोडून बघतात. खोटं नाही सांगत. कवठे येमाईला खव्याची भट्टी आहे, तिथं मी सुपरवायझर. पाटसकडून उसाच्या पाचटाच्या दाबलेल्या कांड्या येतात. गॅसिफायरमध्ये त्या कोंडून जाळल्या की गॅस निघतो, त्यावर आमच्या कढया चढतात. नाना आधी एक कांडी दाढेखाली धरणार, डोळे मिटणार. कट् वाजली तर ठीक. नाहीतर थुंकून म्हणणार, "कच्ची हाय. भाजा."

भाजायचं म्हणजे बंद पिंपात, हवा न लागू देता, तपकिरी होईस्तोवर. पाहुणे मला विचारतात, "म्हातारा भुसा खातो का हो?" काय सांगू, कपाळ!

"नाना, शेवटी जळायचंच ना ते?"

"भाऊसाहेब, कच्च्या कांडीचा गॅस धूर करतो. पायपात डांबर धरतं. भाजल्याली निळी जळती."

मालकांना हे पटेना. गेल्या महिन्यात म्हणाले, "भाजणं बंद. अर्धी सकाळ त्यातच जाते." मी नानांना निरोप दिला. वाटलं, भांडतील. तर हे पिंपाला टेकून खालीच बसले.

"शकूचं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय," म्हणाले.

शकूकाकू म्हणजे त्यांची बायको. आमच्याच कढईवर खवा हलवतात. मध्यंतरी लग्नाला जाते सांगून सुट्टी घेतली होती, ती यासाठी.

"डाक्टर म्हनला, धूर लागता कामा न्हाई. घरी बस म्हनलं तर रडती. मालकाला कळलं तर कढईवरनं काढत्याल. कुनाला बोलू नका."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस या माणसाची टिंगल करत होतो मी! तसाच उठून मालकांकडं गेलो. "कच्च्या कांडीवर खव्याला धुरकट वास लागतो. माल परत आला तर मला बोलायचं नाही." ते कुरकुरले, पण भाजणं चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी कढईखाली निळी ज्योत लागली. शकूकाकू खवा हलवायला बसल्या. नाना गॅसिफायर सोडून त्यांच्यासमोर घुटमळत राहिले.

"झोंबतंय का गं?"

"न्हाई वो."

जरा वेळानं पुन्हा, "झोंबतंय का?"

"आवं, न्हाई म्हनलं ना! चांगलं दिसतंय मला. किती दाढी वाढलीय तुमची, ती करा आदी. लोक बघत्यात."

नाना गालावरून हात फिरवत माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, तिला दाढी दिसली."