साखर कोणी टाकली?

"प्रत्येक बाटलीत एकच चमचा. सपाट. शीग नको!" येप्रेमने बजावलं, आणि नेमका तेवढ्यात दुकानातून फोन आला. कोणी एक बाई स्वतःच्याच चष्म्यावर बसली होती आणि आता दुकानात बसून रडत होती.

येप्रेमचं जुल्फात, शहराच्या ख्रिस्ती मोहल्ल्यात, चष्म्यांचं दुकान. दुकान बरं चालायचं, पण त्याचा सगळा जीव अडकलेला असायचा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात. त्या पिंपात तो बिअर आंबवायचा. आज ती बाटल्यांत भरायची होती. बाकी काम सोपं, मेख फक्त साखरेत. बाटलीत चमचाभर साखर टाकून झाकण ठोकलं की आत बुडबुडे धरतात. साखर विसरली तर बिअर शिळ्या चहासारखी लागते. आणि जास्त पडली तर बाटलीचा सरळ बाँब होतो.

त्यात ही खेप साधीसुधी नव्हती. ही बिअर त्याच्या लेकीच्या, नारिनेच्या, सोयरिकीत निघायची होती. मुलगा आर्बी सोन्यासारखा. पण त्याचे वडील साहाक फेरेदानकडचे जमीनदार, घरच्या द्राक्षांची वाइन करणारे, आणि बोलायला फटकळ. चर्चच्या अंगणात सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "बिअर? फेस आलेलं पाणी ते! आणि एक सांगतो, ज्या घरात चार माणसांचं एकमत नाही, त्या घरचं पेय कधी जमत नाही. मी घर बघत नाही, पेला बघतो." येप्रेमच्या ते जिव्हारी लागलं होतं. पेला बघतोस काय? दाखवतोच तुला पेला!

तर येप्रेम दुकानात पळाला. मागे बायको शुशानिक, सासूबाई वार्सेनिक, शेजारचा झावेन शिंपी आणि होणारा जावई आर्बी, अशी चार माणसं बाटल्यांपाशी ठेवून. परत आला तेव्हा सगळ्या बाटल्या भरून, झाकणं ठोकून, ओळीने उभ्या.

"साखर?" त्याने दारातूनच विचारलं.

"टाकली की," शुशानिक म्हणाली. "बस तू, चहा घे."

येप्रेमचा जीव भांड्यात पडला. पण झावेनला फाटकापर्यंत सोडायला गेला, तर झावेन हळूच म्हणाला, "साखरेचं मनावर घेऊ नकोस हं. वहिनींना कशाला वाकायला लावायचं? मीच उरकलं ते."

"तू? म्हणजे शुशानिकच्या आधी की नंतर?"

"मी समोर असताना वहिनी चमचा उचलतील? काय बोलतोस येप्रेम!" झावेन दुखावला.

येप्रेम घरात आला तो थेट सासूबाईंपाशी. "आई, साखर झावेनने टाकली का हो?"

"अगंबाई! पाहुण्याला कामाला लावीन का मी? माझे हात काय मोडलेत? मीच टाकली."

"सगळ्या बाटल्यांत?"

"नाही, अर्ध्या तशाच ठेवल्या! जावईबापू, हा काय प्रश्न झाला?"

येप्रेमने एव्हाना घरी गेलेल्या आर्बीला फोन लावला. पोरगं शिकलेलं, सरळ बोलेल. आर्बी म्हणाला, "काका, तुम्ही निश्चिंत राहा. आजी चमचे भरणार आणि मी बघत बसणार, असं होईल का? मीच टाकली."

येप्रेमने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. एकाने टाकली असती तर बिअर. दोघांनी टाकली असती तर धोका. चौघांनी टाकली होती!

"शुशानिक, खरं सांग, तू टाकलीस?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही. पण आईपण म्हणतात त्यांनी टाकली."

"म्हणजे माझी आई खोटं बोलते?"

येप्रेमने साखरेचं पोतं बघितलं. पण त्या घरात चहा, सरबतं आणि मुरांबे यांत इतकी साखर जायची, की पोत्यावरून ब्रह्मदेवालाही काही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या न्हाणीघरातल्या टबात गेल्या. वर दोन रजया, रजयांवर गालिचा. घरातली माणसं अंघोळीला झावेनकडे जाऊ लागली. न्हाणीघराच्या दारावरून जाताना येप्रेम श्वास रोखायचा. वरच्या गीझरने नुसता करकर आवाज केला तरी तो खाली बसायचा. एक बाटली उघडून बघावी म्हणून एकदा तो मेंढीच्या कातड्याचा कोट घालून आत गेला. तितक्यात नळातून टपकन थेंब पडला, आणि तो कोटासकट बाहेर पळाला.

"आवाज झाला तर हाजी आगांना काय सांगायचं?" त्याला तीही चिंता. भिंतीपलीकडचे हाजी आगा देवमाणूस. मुलखात दारूला बंदी, पण इतकी वर्षं त्यांनी येप्रेमच्या घरचं बघूनही बघितलं नव्हतं. पण डोळे मिटता येतात, कानांचं काय करणार?

"सांगू, कुकर फुटला," सासूबाई म्हणाल्या.

"सगळ्या बाटल्या फुटल्या तर?"

"तर सांगू, खूप स्वयंपाक होता."

शुक्रवारी दुपारी साहाक आले. मागे त्यांची बायको आनाहित फुलं घेऊन, आर्बी मिठाई घेऊन. साहाकच्या स्वतःच्या कडेवर मात्र वेताच्या जाळीतला भलाथोरला काचेचा बुधला. त्यांच्या हातची वाइन. बूच दोरीने आवळून बांधलेलं.

"डोक्यावर ठेवतो साहाक आगा, डोक्यावर!" म्हणत येप्रेमने बुधला घेतला आणि घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी ठेवला. बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळे मानाची जागा म्हणजे बुखारीच्या, खोली तापवायच्या शेगडीच्या, शेजारी, उबेत.

येप्रेमचा बेत साधा होता. चहा द्यायचा, फळं द्यायची, बिअरचं नावच काढायचं नाही. पण साहाकनी डाळिंबाला हातही लावला नाही.

"बिअर कुठाय?"

"राहू द्या हो. तुमच्या लायकीची नाही ती."

"अरे वा!" साहाक हसले. "म्हणजे खासच जमलीय."

"खरंच सांगतो, बिघडलीय."

"ऐकलंस का आनाहित? केवढा नम्र माणूस."

"साहाक आगा, जीव जाईल!"

"चवीने?" साहाकनी मांडीवर थाप मारली. "बघा, याला म्हणतात तारूफ! आमच्या गावाकडे नाही असं वरवरचं, नको-नको म्हणत गोड बोलणं. आता तर प्यायल्याशिवाय उठतच नाही. येप्रेम, आमची रीत तुला ठाऊक आहे. मुलीच्या बापाच्या हातचा पेला मी हातात धरणार. तू 'दिली' म्हटलंस की ओठाला लावणार. आणि पेला भरायचा तो तुझ्या बिअरनेच. दुसऱ्या कशावर मी सोयरीक करत नाही."

जन्मात पहिल्यांदा येप्रेम खरं बोलला होता, आणि सगळ्यांना ते तारूफ वाटलं! नारिने बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. आता माघार नव्हती.

येप्रेम आत गेला आणि आला तो एका हातात रजईत गुंडाळलेली बाटली, दुसऱ्या हातात दुकानातली चष्म्यांची पेटी घेऊन.

"सगळ्यांनी चष्मे लावा."

"कशाला?" आनाहितने विचारलं.

"रीत आहे. आमची. जुल्फाची."

साहाकनी मुकाट्याने चष्मा लावला. त्यांच्या वाट्याला जाड भिंगांचा आला आणि त्यांना सगळं घर धुक्यात गेलं. सासूबाईंना पोरींचा गुलाबी मिळाला. सोयरिकीला बोलावलेला झावेन चष्मा लावूनही सोफ्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

येप्रेमने येशूचं नाव घेतलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि झाकण उचकटलं.

काही झालं नाही.

साधं 'फुस्' पण नाही. त्याने रजई सोडली, बाटली हलवली, कानाला लावली. पेल्यात ओतली. बिअर पेल्यात निपचित पडून राहिली. फेसाचा एक बुडबुडा नाही! तोच पेला साहाकच्या हातात देऊन तो धावत आत गेला आणि दुसरी बाटली घेऊन आला. तीही तशीच. तिसरी तर दुसरीहून मेलेली.

चार चमच्यांची साखर गेली कुठे? "आज तारूफ बास झालं!" येप्रेम ओरडला. "नारिनेच्या गळ्याची शपथ आहे. साखर कोणी टाकली?"

मग शुशानिक चष्म्याशी चाळा करत म्हणाली, "मी टाकणारच होते. पण आई म्हणाली, तू ठेव, मी टाकते."

"म्हटलं मी," सासूबाई म्हणाल्या. "पण झावेन म्हणाले, तुम्ही बसा, मी असताना कशाला?"

"म्हटलं की," सोफ्यामागून आवाज आला. "चमचा पण उचलला. पण या पोराने हातातून घेतला ना."

सगळ्यांनी आर्बीकडे पाहिलं. आर्बी लाल झाला. "घेतला. पण आजी म्हणाल्या, होणाऱ्या जावयाला कामाला लावलं तर लोक काय म्हणतील? म्हणून मी... चमचा परत पोत्यात ठेवला."

"मग सगळ्यांनी 'मी टाकली' का सांगितलंत?" येप्रेम रडकुंडीला आला.

"मग काय दुसऱ्याचं नाव घ्यायचं?" सासूबाई फणकारल्या. "त्याला वाटलं असतं, आपण त्याला राबवलं!"

येप्रेमने मान खाली घातली. त्या धुक्याच्या चष्म्यातून साहाक हातातल्या मुर्दाड पेल्याकडे टक लावून बघत होते. चार माणसांचं एकमत नाही, हे आता सांगायलाही नको होतं. साहाकनी घसा खाकरला.

"येप्रेम," ते म्हणाले, "आमच्या घरी असं कधी—"

धडाम्!

बुखारीशेजारच्या बुधल्याचं बूच छताला लागून झुंबरात अडकलं आणि मागोमाग लाल कारंजं उडालं. मग बुधलाच दुभंगला. वाइन पडद्यांवर, मिठाईवर, आनाहितच्या फुलांवर, आणि सगळ्यात जास्त साहाकवर. त्यांच्या भुवयांतून थेंब गळत होते. त्यांनी हळूच चष्मा काढला. चष्म्याच्या आड तेवढे डोळे कोरडे होते.

"साखर कोणी टाकली?" आता साहाकनी विचारलं.

"आंबट लागत होती," आनाहित पुटपुटली. "मी थोडीशी टाकली. तुम्हाला सांगितलं असतं तर राग आला असता."

"मी पण टाकली, बाबा," आर्बी म्हणाला. "मला काय माहीत आईने टाकलीय?"

साहाकनी मिशी चाटली आणि मोठ्याने सुस्कारा सोडला. "टाकली तर मीही होती," ते म्हणाले. "तुझ्या बिअरपुढे फिकी पडू नये म्हणून. येप्रेम, तुझ्याकडे सगळे सांगतात आणि टाकत कोणी नाही. आमच्याकडे सगळे टाकतात आणि सांगत कोणी नाही. ही पोरं एकत्र आली तर निदान एक चमचा तरी धड पडेल. बोल, काय म्हणतोस? हात भरून आला माझा."

पेला अजून त्यांच्या हातात होता. येप्रेमने नारिनेकडे पाहिलं. ती डोळे पुसत हसत होती.

"दिली!" येप्रेम म्हणाला. पुढेमागे एक शब्द लावला नाही.

साहाकनी पेला एका दमात रिकामा केला.

"कशी आहे?"

"घाण आहे," साहाक म्हणाले आणि येप्रेमला मिठी मारली. तोही वाइनने न्हाला.

एवढ्यात अंगणाच्या भिंतीपलीकडून हाजी आगांचा खोकला ऐकू आला. "येप्रेम आगा! सगळं खुशाल ना?"

"कुकर!" सगळे एकदम ओरडले.

"हो हो, कुकरच असणार." मग हाजी आगा म्हणाले, "नारिनेला माझ्याकडून मुबारक सांगा."

मग सगळ्यांचं लक्ष खोलीकडे गेलं. गालिच्यावर लाल तळं साचलं होतं.

"मी पुसते," शुशानिक म्हणाली.

"छे, तू बस, मी पुसते," सासूबाई म्हणाल्या.

"मी असताना तुम्ही?" सोफ्यामागून झावेन म्हणाला.

"मी पुसतो ना, आजी," आर्बी म्हणाला.

"थांबा!" येप्रेमने हात वर केला. "ज्याच्या हातात फडकं असेल त्यानेच बोलायचं."