प, नी, रे, म

आमच्या शेजारचे आण्णा रोज दुपारी बाराला ओसरीवर पेटी काढतात, चार पट्ट्या एकदम दाबतात आणि तसेच सोडून उठतात. शिंक येता येता राहावी, तसं माझं होतं.

आण्णा पलटणीच्या बँडात होते. या चार पट्ट्यांना ते ‘सेवन्थ’ म्हणतात. मी लग्न होऊन सांगलीहून कुंडलला आले तेव्हा ते सुट्टीवर होते. मी पेटीच्या दोन परीक्षा पास, म्हणजे जमिनीवर पाय नव्हतेच. आठ दिवसांची नवरी मी, त्यांच्या ओसरीवर जाऊन त्यांनाच शिकवलं, “आण्णा, चार सूर असे एकदम लावत नाहीत. गोंधळ होतो.”

दुसऱ्या कुणी हाकललं असतं. आण्णा म्हणाले, “बसा वैनी. प, नी, रे, म. ह्यातला नी वर सा-कडं वढतोय, म खाली ग-कडं. दोघं बी उंबऱ्यात उभी हायती. आता जायचं कुठं, सांगा?”

“हे परीक्षेला नव्हतं,” मी म्हटलं.

आत आक्का, त्यांची बायको, इतकी हसली की भाकरी थापायची थांबली. मग तिथूनच तिनं हाक दिली, “आवं, जेवायला या.” त्याबरोबर आण्णांनी सा-ग-प दाबला, भाता मिटला आणि हात धुवायला गेले. भुकेपुढे कला हरली, असं मी त्या दिवशी माहेरी पत्रात लिहिलं. केवढी ती अक्कल.

निवृत्त होऊन आल्यावर आण्णा देवळातल्या भजनात पेटीला बसले. अभंगाच्या शेवटी त्यांनी सेवन्थ धरली आणि ‘आता जायचं कुठं’ अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत बसले. टाळ हवेत, बुवांचं तोंड उघडं. बुवा म्हणाले, “आण्णा, आमी माळ्यावर चढलो आन् तुमी शिडी काढली.” पुढच्या गुरुवारपासून पेटीला दुसरा माणूस.

घरी मात्र नेम चुकला नाही. बाराला चार पट्ट्या, आतून हाक, मग सा-ग-प. आमच्या ह्यांचं घड्याळ त्यावर लागायचं.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. आक्का गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून आण्णांची सेवन्थ अशी लोंबकळते. डबा येतो, तो संध्याकाळी तसाच भरलेला परत जातो. परवा मी कुंपणाजवळ विचारलं, “आण्णा, शेवट का करत नाही हो?”

“हाक कुठं आली, वैनी?” एवढंच बोलले आणि आत गेले.

काल बाराला माझी भाकरी तव्यावर होती. प, नी, रे, म वाजलं. मी खिडकीतून हाक दिली, “आवं आण्णा, जेवायला या.”

पेटी गप्प. मला वाटलं, झालं, म्हातारपणी पुन्हा दोन परीक्षा पास झालीस. तव्याकडे बघायचंही सुचेना.

मग भात्याचा श्वास ऐकू आला. हळूच, सा, ग, प.

भाकरी करपली होती. मी दुसरी टाकली आणि फळीवरून आणखी एक ताट काढलं. त्यावर धूळ होती, पुसून घ्यावं लागलं.